‘ळ’ नसलेला फळा: सीमाभागातील मराठी शाळांसाठी वाचन-लेखनाची साधने निवडणाऱ्यांना खुले पत्र

माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत चोवीस वर्षे शिकवते. पहिली ते पाचवीची शाळा, आम्ही दोघी शिक्षिका. गेल्या वर्षी शाळेत टॅब आले, तेव्हा पोरांनी पेटीभोवती नुसती गर्दी केली होती. मीही मनापासून आनंदले होते. मुलांना वाचायला आणि लिहायला मदत करणारे साधन त्यात आहे, आपल्या समितीने पाच-सहा साधनांची तुलना करून हे निवडले आहे, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले गेले. तुलनेचा तक्ताही पडद्यावर दाखवला गेला. किंमत, चित्रे, खेळ, प्रगतीचा अहवाल आणि भाषा असे रकाने होते. भाषेच्या रकान्यात कन्नड, इंग्रजी, हिंदी आणि मराठी या चारांपुढे बरोबरची खूण होती.

मराठीपुढच्या त्या खुणेबद्दल हे पत्र आहे.

तिसरीतल्या एका मुलाला मी ‘माझे गाव’ यावर टॅबवर पाच ओळी लिहायला सांगितल्या. हुशार मुलगा. वहीत शुद्ध लिहायचा. टॅब घेऊन बसला आणि पाचच मिनिटांत माझ्याकडे आला. “बाई, ळ गावंना.” मी म्हटले, नीट बघ, ल च्या आसपास असेल. आम्ही दोघांनी मिळून अक्षरांचा तो फळा वरपासून खालपर्यंत पाहिला. क ते ह होते, क्ष, त्र, ज्ञ होते, खाली टिंब दिलेले ड आणि ढसुद्धा होते. ळ नव्हता. मुलाने ‘आमचा जिल्हा बेलगाव’ असे लिहिले. ‘शाला’ लिहिले, ‘खेल’ लिहिले, ‘सकाली’ लिहिले. साधनाने कशालाच हरकत घेतली नाही, उलट पाच ओळी झाल्या म्हणून तारा दिला.

तेवढ्यावर भागले असते तर मी आपल्याला साधी तक्रार लिहून पाठवली असती. दुसऱ्या आठवड्यात त्याची शुद्धलेखनाची वही तपासताना तिथेही ‘शाला’ दिसले. पेन्सिलने, नीट, सुंदर अक्षरात. मी विचारले, हे काय रे? तो म्हणाला, “टॅबमधी तसंच हाय की, बाई.” वर्षभर त्याच्या बोटाला वळण लावलेला ळ त्या साधनाने दोन आठवड्यांत पुसला. त्या दिवसापासून मी तो टॅब मराठीच्या तासाला बाहेर काढलेला नाही.

आपण म्हणाल, एका अक्षराचे एवढे काय? शाळा, फळा, बाळ, पोळी, कावळा, आभाळ, मूळ, काळा, पिवळा. पहिलीच्या मुलाच्या तोंडचे हे शब्द आहेत. आणि आमच्या गावांची नावे घ्या: बेळगाव, येळ्ळूर, अनगोळ. मुलाला आपल्या जिल्ह्याचे नाव लिहिता येत नाही, अशी ही पाटी आहे.

यातले मला सर्वांत जास्त खुपणारे असे की, ळ कन्नडमध्येही आहे. बेळगावी हे नाव कन्नडमध्ये ळ नेच लिहितात. युनिकोड म्हणजे संगणकावर प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत; तिच्या तक्त्यात देवनागरीचा ळ ज्या घरात बसतो, कन्नडच्या तक्त्यात कन्नड ळ नेमका त्याच क्रमाच्या घरात बसतो, कारण दोन्ही तक्ते एकाच आखणीवर बेतलेले आहेत. म्हणजे शेजारी राहणाऱ्या दोन भाषांना जे अक्षर समान आहे, तेच आमच्या मुलांना दिलेल्या साधनात नाही. हे कसे झाले, याचे उत्तर एकच दिसते. हिंदीसाठी बनवलेली पाटी उचलली, वर ‘मराठी’ असे नाव चिकटवले आणि ती खूण तक्त्यात आली. तंत्रज्ञान कमी पडले म्हणावे तर तसेही नाही. ळ आणि ऱ ही दोन्ही अक्षरे युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. ॲपल लिहायला लागणारा ॲ २००८ पासून आहे. कोणी मागितले नाही, म्हणून दिले गेले नाही.

ळ पुरता प्रश्न असता तर एक बटण वाढवून सुटला असता. मी त्या साधनासमोर शाळा सुटल्यावर बरेच दिवस बसले, वहीत नोंदी केल्या. त्यातल्या मोजक्या इथे देते.

वाचून दाखवणारा आवाज हिंदी वळणाचा आहे. तो ‘ज्ञानेश्वर’ला ‘ग्यानेश्वर’ म्हणतो. मराठीत च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’मधला च वेगळा, ‘चाक’मधला वेगळा. हा आवाज सगळे ‘चार’मधल्या च ने वाचतो. ‘मी काम केलं’ या वाक्यातल्या शेवटच्या टिंबाचा तो ‘केलम्’ करतो. बोलीतले असे टिंब म्हणजे अ थोडा लांबवायचा, हे आमच्या मुलांना कोणी शिकवलेले नसते, ती घरी ऐकून तसे म्हणतात. मग टॅब ऐकतात आणि गोंधळतात. दुसरीतली एक मुलगी मला विचारत होती की, ‘केलम्’ म्हणजे काय?

उलट दिशेचाही त्रास आहे. मुलाने मोठ्याने वाचायचे आणि साधनाने ऐकून चूक-बरोबर सांगायचे, असा एक भाग त्यात आहे. आमच्याकडे पुष्कळ घरांत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात. मूल पुस्तकातले ‘पाणी’ ओळखते, अर्थ समजते, आणि आपल्या जिभेने म्हणते. ते वाचनच आहे. साधन मात्र लाल रंग दाखवते. दोन-तीनदा लाल दिसले की मूल आवाज बारीक करते, मग वाचेनासेच होते. वर्गात मी ण चा उच्चार शिकवते, रोज शिकवते, पण वाचता येते की नाही आणि प्रमाण उच्चार येतो की नाही या दोन गोष्टी मी एकाच लाल पेनने तपासत नाही.

र ची गोष्ट तशीच. चोर्ला घाटातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘पायऱ्या’, ‘दोऱ्या’, ‘भाकऱ्या’ या साधनात लिहिताच येत नाहीत, ‘भाकर्या’ होते. ल आणि श यांचे आकार मी फळ्यावर काढते ते पाकळीचा ल आणि देठाचा श असे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही हीच रूपे धरली आहेत. पडद्यावर दांडीचा हिंदी ल दिसतो. मोठ्या माणसाला दोन्ही वाचता येतात. अक्षर नुकते ओळखू लागलेल्या सहा वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. हे दुरुस्त करणे अवघडही नाही. बऱ्याच युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात, मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी आकार उमटतो. बनवणाऱ्याने ती एक नोंद करायची असते.

आणि चुका दाखवणारी लाल रेघ. मराठी शब्द प्रत्यय लागताना आपले रूप बदलतो. घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरासमोरच्या. एका ‘घर’ची अशी कितीतरी रूपे होतात. शब्दांची साधी यादी घेऊन बसलेले साधन ‘घर’ बरोबर म्हणते आणि ‘घरासमोरच्या’खाली लाल रेघ मारते. आमच्या साधनाने एका मुलाच्या सात ओळींच्या निबंधात अकरा रेघा मारल्या. मी मोजल्या. त्यातल्या खऱ्या चुका दोन होत्या.

आता मी जे पाहिले आणि वापरले, तेही सांगते. कारण नुसती तक्रार घेऊन आपल्यापुढे येणे मला बरे वाटत नाही.

मी वयाच्या चाळिशीत टायपिंग शिकले, इन्स्क्रिप्ट नावाच्या कळफलकावर. प्रश्नपत्रिका मराठीत लागतात आणि खात्याचे सारे कागद कन्नडमध्ये, दोन्ही मलाच करायचे. सुरुवातीला मी कन्नडसाठी नुडी हे टायपिंगचे सॉफ्टवेअर शिकायला घेतले होते. कर्नाटकात ते सर्रास वापरतात आणि कन्नडसाठी ते चांगलेच आहे. पण त्याची बोटांची सवय मराठीच्या कामी येत नव्हती. मग एका सहकारी बाईंनी इन्स्क्रिप्ट दाखवले. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. आणि भाषा मराठीवरून कन्नड केली तरी अक्षरांच्या जागा हलत नाहीत. ज्या बटणावर देवनागरी क, त्याच बटणावर कन्नड क. ज्या बटणावर ळ, त्याच बटणावर कन्नड ळ. तीन आठवड्यांत माझी बोटे मराठीला सरावली, आणि कन्नड टाईप करायला बसले तेव्हा ती आपोआप चालली. त्या दिवशीचा आनंद मला अजून आठवतो. सीमाभागातल्या मुलाला याहून सोयीचे काय असेल? एकदा शिकायचे आणि दोन लिप्या हाती यायच्या. केंद्र सरकारने मानक म्हणून ठरवलेला हा कळफलक विंडोज, लिनक्स आणि फोन सगळीकडे मिळतो, फुकट मिळतो. आपल्या तक्त्यात त्याचा उल्लेखही नव्हता.

लहान मुलांसाठी इन्स्क्रिप्ट लवकर होते, हे मला मान्य आहे. त्यांच्यासाठी मुंबई आयआयटीत तयार झालेले स्वरचक्र मी एका जुन्या फोनवर वापरून पाहिले. क वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु, कू असे चक्र उघडते. मुले ओरडली, “बाई, बाराखडी!” दुसरे काही समजावून सांगावे लागले नाही. त्याची कन्नड आवृत्तीही निघाली होती, आणि आमच्या मुलांना कन्नडच्या तासाला कागुणिता म्हणून तीच रचना शिकवतात.

रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची पद्धत मात्र मला प्राथमिक शाळेत नको वाटते. मोठ्यांना ती सोयीची आहे, मी स्वतः फोनवर तीच वापरते. पण ज्या मुलाला अजून इंग्रजी मुळाक्षरे पक्की नाहीत, त्याने ‘शाळा’ लिहायला आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवायचे, मग खाली आलेल्या ‘शाला’, ‘शाळा’मधून एक निवडायचे. त्यात लिहिणे यंत्र करते, मूल नुसते बोट ठेवते.

वाचनासाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे. ही संस्था बेंगळूरूची, आपल्याच राज्यातली. ८ सप्टेंबर २०१५ ला, साक्षरता दिनी, ते सुरू झाले. त्यावरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. उतरवून घ्या, छापा, भाषांतर करा, कोणाची परवानगी लागत नाही. तीच चित्रे, तीच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये मिळते. मी दोन्हीचे कागद छापून समोरासमोर चिकटवले आणि चौथीला दिले. मराठी पान वाचून कन्नड पानावर अंदाज बांधणाऱ्या मुलांचे चेहरे आपण पाहायला हवे होते. गुगलचे रीड अलाँग २०१९ मध्ये बोलो या नावाने आले, २०२० पासून त्याच्या भाषांत मराठीही होती, आणि एकदा गोष्टी उतरवून घेतल्या की ते इंटरनेटशिवाय चालते. जांबोटी, कणकुंबीकडच्या रानातल्या शाळांत पावसाळ्यात दिवस-दिवस रेंज नसते. आम्हाला दिलेले साधन दर वेळी सर्व्हरची वाट पाहत गोल फिरत बसते, आणि तास संपतो.

अजून एक गोष्ट, जिच्यासाठी मी विशेष आग्रह धरते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तोंडी सगळे सांगते, हिशेब चटकन करते, पण वाचायला लागली की अक्षरे तिच्यासमोर विस्कटतात. साधनाच्या अहवालात तिच्या नावापुढे ‘प्रगती नाही’ असे येते. तिला वाचन-अक्षमता आहे का, हे तिच्या भाषेत तपासायला हवे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या, आणि त्या हिंदी, इंग्रजी, मराठी आणि कन्नड या चार भाषांत आहेत. बेळगावच्या मुलासाठीच जणू भाषा निवडल्या आहेत! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे. तरी आमच्या एकाही प्रशिक्षणात या चाचण्यांचे नाव निघालेले नाही. या मुलीची आई दर आठवड्याला विचारते, “बाई, माझी पोरगी ढ हाय का?” मी तिला नाही म्हणून सांगते. पण नुसत्या माझ्या सांगण्याने तिच्या मनातली शंका जात नाही, हे मला दिसते.

मराठी शाळांतली मुले कमी, त्यांच्यासाठी वेगळा खर्च कुठून करायचा, असे प्रशिक्षणात एकजण म्हणाले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याची जबाबदारी ते राज्यांवर टाकते. टॅब ही आता सोय आहे, पाठ्यपुस्तकासारखीच. आपल्याच राज्यात मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके छापली जातात, त्यांत ळ असतो. मग टॅबमध्ये का नसावा? आणि मी वर सांगितलेली बहुतेक साधने फुकट आहेत.

हे पत्र कन्नडविरुद्ध आहे असे कृपया कोणी समजू नये, आणि कोणी तसे वळण देऊ नये. आमच्या मुलांना कन्नड उत्तम आले पाहिजे असे मला कळकळीने वाटते. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये येते, आणि घरात ती वाचून दाखवणारे पहिले माणूस बहुधा चौथी-पाचवीतले पोर असते. आजी-आजोबा त्याच्यासमोर कागद धरून बसलेले मी पाहिले आहेत. ज्याची मराठी पक्की, ते मूल कन्नडही लवकर उचलते; चोवीस वर्षांत मी हे दरवर्षी पाहते. ज्या बेळगावात कवयित्री इंदिरा संत शिक्षकांना शिकवत होत्या, जिथे कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा खेड्यांत लोक वर्गणी काढून साहित्य संमेलने भरवतात, तिथल्या मुलांना दुसऱ्या भाषेसाठी कापलेले कपडे मराठीचे म्हणून घालू नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

सध्याच्या साधनात ळ, ऱ्या, ॲ आणि मराठी ल-श येईपर्यंत त्याचा मराठी भाग वर्गात सक्तीचा ठेवू नये, आणि त्यावरून निघालेले ‘प्रगती नाही’चे शेरे मुलांच्या नोंदीतून काढावेत. हे लगेच व्हावे, वर्ष संपायच्या आत.

पुढची तुलना करताना समितीत मराठी शाळेत प्रत्यक्ष पहिली-दुसरी शिकवणारे निदान दोन शिक्षक घ्यावेत. भाषेच्या रकान्यात खूण करण्यापूर्वी एक छोटी चाचणी ठेवावी. ‘शाळेतल्या पायऱ्यांवर बसून बाळूनं ज्ञानेश्वरांचं चित्र काढलं’ हे एक वाक्य साधनाला लिहायला, वाचायला आणि तपासायला द्या. पाच मिनिटांत सगळे कळेल.

टॅबवर इन्स्क्रिप्टचे मराठी आणि कन्नड कळफलक चालू करून द्यावेत आणि शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण द्यावे. दोन्ही भाषांतल्या जोडगोष्टी उतरवून प्रत्येक टॅबमध्ये भरून पाठवाव्यात, म्हणजे रेंज नसली तरी चालेल. डालीच्या मराठी आणि कन्नड चाचण्या करू शकणारी एक व्यक्ती तालुक्याला असावी. आणि जी तुलना केली, तिचा पूर्ण तक्ता, कोणी किती गुण कशाला दिले यासह, शाळांना आणि पालकांना पाहायला मिळावा.

आपल्यापैकी कोणी शाळेत आले तर मला फार आनंद होईल. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी वेळ निवांत मिळतो. येताना ते साधन असलेला टॅब आणा. मी तिसरीतल्या त्या मुलाला आपल्याशेजारी बसवते. तो ‘माझे गाव’ लिहील, आपण फक्त त्याच्या बोटाकडे पाहा.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेची शिक्षिका